किनवटचा चार दिवसांचा मुक्काम

चार दिवस किनवटला जाऊन आलो, असे सांगितले की पुण्या-मुंबईचा मनुष्य प्रथम विचारतो, "हे आले कुठे?" माहूर सर्वांना ठाऊक असते. रेणुकेच्या दर्शनाला गेलेले, दत्तशिखर चढलेले आणि येताना तांबुलाचा प्रसाद बांधून आणलेले निदान चार तरी लोक प्रत्येकाच्या नात्यात निघतात. किनवटची ख्याती मात्र बदलीच्या हुकुमापुरती. नांदेड जिल्ह्यात नोकरी करणाऱ्या मनुष्याला वरिष्ठांनी नुसते "किनवटला जागा रिकामी आहे हं!" असे म्हटले तरी त्याला घाम फुटतो, असे तिकडे गमतीने सांगतात. मला स्वतःला हा गाव फार आवडला. पावसाळ्यात तर तो पाहावाच. सागाची पाने ताटाएवढी झालेली असतात, पैनगंगा गढूळ अंगाने भरून वाहत असते, आणि पलीकडच्या तीरावर वऱ्हाड धुक्यात बुडालेले असते.

किनवट आज मराठवाड्यात आहे, पण ते मराठवाड्यात आले उशिरा. निजामाच्या राज्यात आणि पुढे हैदराबाद राज्यातही हा आदिलाबाद जिल्ह्याचा तालुका होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली तेव्हा तो नांदेडला जोडला गेला. त्यामुळे बाजारपेठेत उभे राहिले की कानावर मराठी पडते, तेलुगू पडते, दखनी उर्दू पडते. तांड्यावरून आलेल्या बायांची गोरबोली पडते आणि जरा आतल्या बाजूच्या वस्त्यांतून आलेले गोंड आणि कोलाम आपापल्या भाषांत हळू आवाजात बोलत असतात. भाषा शिकविण्याचा धंदा करणाऱ्या माझ्यासारख्याला ही मेजवानीच होती. तेथील एका महाविद्यालयाने वाङ्मय मंडळाच्या उद्घाटनाला बोलाविले होते. व्याख्यान एका तासाचे. पण पावसाने रस्ते धरले आणि मुक्काम चार दिवसांचा झाला.

जाताना आगगाडीने गेलो. मुदखेडला आदिलाबादचा फाटा फुटतो. भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, बोधडी अशी स्टेशने घेत गाडी जंगलात शिरते. मार्ग एकेरी आहे. एका लहानशा स्टेशनावर आमची गाडी पाऊण तास उभी राहिली; समोरून येणारी गाडी येऊन गेल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. डब्यात एक तरुण गृहस्थ होते. ते वैतागून म्हणाले, "एवढे दांडगे इंजिन लावले आहे, काय उपयोग?" शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने तंबाखू मळता मळता उत्तर दिले, "इंजिन काय करीन, लाइन कुठं रिकामी हाय?" पुढे चार दिवस मी जे पाहिले आणि ऐकले, त्यातल्या पुष्कळशाचे मर्म त्या म्हाताऱ्याच्या बोलण्यात होते.

माझे यजमान त्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवितात. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आपली प्रयोगशाळा दाखविली. वीस यंत्रे ओळीने मांडलेली, त्यांवर फुलाफुलांची आच्छादने, आणि भिंतीला चिकटविलेला एक कागद : 'यंत्रे बदलणे आहे'. मी विचारले, "बिघडली का?" ते म्हणाले, "मुळीच नाही. उत्तम चालतात. पण ती म्हातारी ठरविली गेली आहेत."

प्रकार असा होता. या यंत्रांवर 'विंडोज १०' नावाची प्रणाली होती. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नेहमीचा पाठिंबा थांबविला. पुढची 'विंडोज ११' घ्यावी, तर तिला निदान चार गिगाबाइट स्मृती पाहिजे, चौसष्ट गिगाबाइट साठा पाहिजे, संरक्षणाची एक विशिष्ट चिप पाहिजे, आणि प्रोसेसर साधारण २०१७ नंतरच्या पिढीचा पाहिजे. कॉलेजची यंत्रे त्या रेषेच्या अलीकडची. म्हणजे पाय धड, हात धड, डोळे धड. पण जन्मतारीख चुकली. यजमान म्हणाले, "'विंडोज ९५' आठवते का तुम्हांला? तिला चार मेगाबाइट स्मृती पुरत असे. आता चार गिगाबाइट. हजारपट झाली. आणि आमची मुले करतात काय? तेच. पत्र टंकतात, तक्ते भरतात, बातम्या वाचतात."

येथे माझ्यासारख्याच अनभिज्ञ वाचकांसाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. संगणकाचा डोळ्यांना दिसणारा सांगाडा तो हार्डवेअर, आणि त्या सांगाड्याने काय काय करावे याच्या आज्ञांची जी पोथी त्याच्या पोटात घातलेली असते ते सॉफ्टवेअर. सांगाडा वर्षानुवर्षे चपळ होत गेला. गॉर्डन मूर नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञाने १९६५ सालीच भाकीत केले होते की एका चिपवर मावणाऱ्या सूक्ष्म घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल. पुढे १९७५ मध्ये त्याने हा काळ दोन वर्षांवर नेला, आणि ते भाकीत कित्येक दशके खरे ठरले. मग यंत्र एवढे धावू लागले असता आपल्याला ते अजून रेंगाळताना का दिसते? निकलाउस विर्थ या स्विस शास्त्रज्ञाने १९९५ साली एका लेखात याचे उत्तर दिले : सांगाडा जितक्या वेगाने चपळ होतो, त्याहून अधिक वेगाने पोथी जड होत जाते. पगार वाढला की घरखर्च त्याच्या पुढे धावतो, हा आपल्या प्रत्येकाच्या घरातला अनुभव आहे, तोच हा.

आणि एके काळी किती थोडक्यात भागत असे! मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हे भारतात घडविलेले यंत्र सुरू झाले. त्याची मुख्य स्मृती होती २,०४८ शब्दांची. आजच्या हिशेबाने दहा किलोबाइट. त्यावर शास्त्रज्ञ गणिते करीत. आज कोणत्याही अर्जाला चिकटवावा लागणारा पासपोर्ट फोटो ठेवायचा म्हटले तर अशी पाच टिफ्रॅक शेजारी शेजारी मांडावी लागतील.

त्या रात्री जेवताना वाद पेटला. वहिनींचे धाकटे बंधू हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितात. ते बहिणीकडे आले होते. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि वर कच्च्या तेलाची धार, असा बेत होता. यजमान म्हणाले, "तुम्ही लोक आळशी झाला आहात. पोथी आटोपशीर लिहायची सोडून लोकांना नवी यंत्रे घ्यायला लावता."

बंधू शांतपणे म्हणाले, "भाऊजी, माझा एक महिन्याचा पगार आणि एका यंत्राची किंमत यांचा हिशेब करा. प्रोग्रॅम दहा टक्के हलका करायला मी महिना घालविला तर कंपनीला ते परवडत नाही. त्यापेक्षा दुप्पट वेगाचे यंत्र स्वस्त पडते. शिवाय ग्राहकाला पुढच्या आठवड्यात नवी सोय पाहिजे असते. ती हलकी आहे की जड, हे तो विचारत नाही."

हा युक्तिवाद पोकळ नाही. मनुष्याचा वेळ महाग आणि लोखंड स्वस्त, ही गेल्या पन्नास वर्षांची वस्तुस्थिती आहे. पण मला त्यात एक गोम दिसली, आणि मी ती माझ्या परीने कोशाच्या भाषेत मांडली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. तीत साठ हजारांच्या आसपास शब्द आहेत. समजा, एखाद्याला त्यात 'पैनगंगा' हा शब्द आहे की नाही ते पाहायचे आहे. पहिल्या पानापासून एकेक शब्द वाचीत गेला तर सरासरीने तीस हजार शब्द वाचावे लागतील. पण शब्द अकारविल्हे लावलेले आहेत. मध्यावर उघडावे, शब्द अलीकडे की पलीकडे ते पाहावे, उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा मध्य काढावा. असे सोळा वेळा केले की निकाल लागतो. आता पहिल्या गृहस्थाला हजारपट वेगाने वाचणारे डोळे दिले, तरी तीस हजारांना हजाराने भागून तीस क्षण लागणारच. दुसरा आपल्या साध्या डोळ्यांनी सोळा क्षणांत मोकळा!

बंधू हसले. "सर, हे आम्हांला पहिल्या वर्षी शिकवितात."

"मग तिसऱ्या वर्षी विसरता काय?" वहिनींनी भाकरी वाढता वाढता विचारले, आणि सगळे हसलो.

यजमानांच्या चिरंजीवांनी, वय वर्षे पंधरा, मध्येच तोंड घातले. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' नावाचा एक खेळ आहे म्हणे. त्याचा जाळ्यावरचा प्रकार सुरू व्हायला काही यंत्रांवर सहा-सहा मिनिटे लागत, आणि जगभरचे खेळाडू नवी यंत्रे घेऊन थकले होते. २०२१ साली एका हौशी मनुष्याने आत डोकावून पाहिले. खेळ सुरू होताना दहा मेगाबाइटांची एक यादी वाचली जाई; पण प्रत्येक नोंद वाचताना प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा उरलेला सारा मजकूर शेवटपर्यंत मोजी; आणि त्रेसष्ट हजार नोंदींपैकी प्रत्येक नवी नोंद आधीच्या सर्व नोंदींशी ताडून पाही. त्याने एवढीच दुरुस्ती केली, आणि सहा मिनिटांची दोन मिनिटांच्या आत आली. कंपनीने ती दुरुस्ती मान्य केली आणि त्याला दहा हजार डॉलर बक्षीस दिले. मामा यावर काही बोलले नाहीत. त्यांनी ताक मागितले.

खरा प्रकार मी पाहिला तो तिसऱ्या दिवशी, बसस्थानकाजवळच्या एका दुकानात. 'ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, लॅमिनेशन, फोटो' अशी पाटी. आठ बाय दहाची जागा, एक यंत्र, एक छपाई-यंत्र, आणि बाहेर पत्र्याखाली बाकावर दहा-बारा माणसे. दुकान चालविणारा मुलगा बी. ए. झालेला. यजमानांचा तो विद्यार्थी. म्हणून आम्हांला आत स्टूल मिळाले.

बाकावर एका तांड्यावरचे कुटुंब बसले होते. बाप, आई आणि बारावी झालेली मुलगी. मुलीला परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला जायचे होते. मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी संपत होती. सोयाबीनची खुरपणी ऐन भरात असताना तिघे रोज बुडवून आले होते, आणि ते सलग दुसऱ्या दिवशी. कागद सगळे तयार होते : गुणपत्रक, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास. अडले होते ते शेवटचे पान. त्या प्रवेशाच्या संकेतस्थळाचे पान अर्धे उघडे, चक्र फिरत राही, आणि वीस मिनिटांनी 'आपली मुदत संपली, पुन्हा प्रवेश करा' असे उत्तर येई. पुन्हा पहिल्यापासून.

मी त्या पडद्याकडे निरखून पाहिले. वरच्या बाजूला मोठमोठी रंगीत छायाचित्रे एकामागून एक सरकत होती. हसरे विद्यार्थी, हारतुरे, उद्घाटनाच्या फिती. खाली एक सूचना पळत होती. दुकानदार मुलगा म्हणाला, "सर, हे पान चार-साडेचार एमबीचं आहे. आणि आपल्याला काय सांगतात बघा." त्याने बोट ठेवले तेथे लिहिले होते : उमेदवाराचे छायाचित्र वीस ते पन्नास किलोबाइटांच्या आतच असावे. मला हसू आवरेना. म्हणजे तांड्यावरच्या पोरीने आपला चेहरा पन्नास किलोबाइटांत बसवायचा, आणि ज्यांना आपली दारे उघडायची आहेत त्यांच्या दारावरची तोरणे मात्र तिने आपल्या पैशाने वाहून आणायची! ज्ञानेश्वरीचा हिशेब मी मनाशी केला. नऊ हजारांवर ओव्या, एका ओवीत साधारण साठ-सत्तर चिन्हे, एकेका देवनागरी चिन्हाला तीन बाइट. सगळी मिळून दोन मेगाबाइटही होत नाही. एक अर्ज भरण्यासाठी दोन ज्ञानेश्वऱ्या उतरवून घ्याव्या लागत होत्या, आणि पाऊस आला की किनवटचे नेटवर्क थेंबाथेंबाने गळते.

मुलीचा बाप बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "नवा मोबाईल घेतला तर होईन का, भाऊ? हिच्या मैतरणीनं घेतला, दहा हजाराचा."

मुलाने मान हलविली. "नका घेऊ काका. मोबाईलचा दोष नाही. तिकडंच गर्दी आहे."

हा प्रश्न मला फार लागला. त्या मनुष्याच्या हिशेबात दहा हजार रुपये म्हणजे काय ते सांगायला नको. पण गावोगाव हा खर्च झालेला आहे. कोठे एखादे ॲप 'तुमच्या फोनवर चालणार नाही' म्हणते, कोठे जागा पुरत नाही. आणि लोक समजतात, आपला फोन दरिद्री. हिंजवडीच्या आमच्या बंधूंचा हिशेब येथे येऊन फसतो. कंपनीचा महिना वाचला हे खरे; पण तो वाचलेला महिना असा लाखो लोकांच्या खिशातून, रोजगारातून आणि बसभाड्यातून वसूल होतो, आणि तो खर्च कोणाच्याच वहीत मांडला जात नाही.

मनात आणले तर हलके लिहिता येत नाही असे नाही. फेसबुकने २०१५ साली आपली 'लाइट' आवृत्ती काढली ती एक मेगाबाइटहूनही लहान होती; कारण भारतासारख्या देशांतले साध्या फोनांचे कोट्यवधी गिऱ्हाईक त्यांना दिसत होते. २०१७ साली आलेल्या जिओफोनमध्ये स्मृती अवघी ५१२ मेगाबाइट. तरी पुढच्याच वर्षी त्यावर व्हॉट्सॲप चालू लागले. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये साध्या बटणांच्या फोनवरूनही यूपीआयने पैसे देण्याची सोय सुरू केली. बाजार दिसला की अंगात चपळाई येते. अर्जदार मात्र गिऱ्हाईक नसतो; त्याला दुसऱ्या दुकानात जाता येत नाही.

त्या मुलाने काय केले ते सांगतो. त्याने ब्राउझरमध्ये चित्रे बंद करून टाकली. तोरणे गेली, नुसते रकाने राहिले. फोटो एका जुन्या, चिमुकल्या प्रोग्रॅमने अठ्ठेचाळीस किलोबाइटांवर आणून ठेवला. सगळी माहिती आधी एका साध्या कागदावर लिहून घेतली, म्हणजे पडद्यासमोर विचार करण्यात मिनिटे जायला नकोत. आणि मग तो म्हणाला, "मावशी, आज मुक्काम करा. पहाटे पाचला या. त्या वक्ताला सर्व्हर मोकळा असतो." कुटुंबाने रात्र तालमीजवळच्या एका नातलगाकडे काढली. सकाळी आम्ही चहाला गेलो तेव्हा अर्ज गेला होता. बारा मिनिटे लागली. यंत्र तेच होते, तारही तीच होती. पावतीचा कागद घडी करून आईने लुगड्याच्या ओच्यात ठेवला, आणि तिघे पहिल्या बसने खुरपणीला परत गेले.

हे सारे ऐकून कोणाला वाटेल की मी वेगवान यंत्रांचा वैरी आहे. तसे नाही. मराठीच्या मनुष्याने तर तसे म्हणूच नये. इंग्रजी अक्षरे आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक उभी राहतात. आमची वेलांटी आधी येऊन बसते, रफार उडी मारून पुढच्याच्या डोक्यावर चढतो, जोडाक्षरे एकमेकांच्या कुशीत शिरतात. ऐंशीच्या दशकातल्या यंत्रांना ही कसरत झेपत नसे. कानपूरच्या आय. आय. टी.त त्यावर काम सुरू झाले आणि पुढे पुण्याच्या 'सी-डॅक'मध्ये ते 'जिस्ट' या नावाने वाढले. संगणकात एक वेगळे कार्ड बसवावे लागे, तेव्हा कोठे पडद्यावर मराठी उमटे. पुढे यंत्रेच इतकी चपळ झाली की कार्डाची गरज सरली, आणि आज नातू आजीला फोनवर मराठीत निरोप लिहितो. हा वेगाचाच प्रसाद आहे. तरीही मराठीला अजून थोडा जादा आकार पडतोच : साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, मराठीची ७० चिन्हे. म्हणून एका निरोपाचे तीन निरोप होतात.

'सी-डॅक'ची स्थापना १९८८ ची. अमेरिकेकडून महासंगणक पाहिजे तसा मिळेना, म्हणून आपणच करू, या ईर्ष्येने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे काम झाले आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. ती कथा आपण अभिमानाने सांगतो. पण तीतला एक धडा सहसा सांगत नाही. त्यांनी एक राक्षसी यंत्र केले नाही. लहान लहान प्रोसेसर पुष्कळ जोडले. मग खरी विद्या कशात? काम वाटून देण्यात. शंभर आचारी आणले आणि भात एकाच चुलीवर ठेवला तर पंगत लवकर उठत नाही. वाटणी नीट झाली नाही तर नव्व्याण्णव हात रिकामे बसतात. जीन ॲम्डाल या शास्त्रज्ञाने १९६७ मध्येच हे गणिताने दाखविले होते : जो भाग वाटता येत नाही, तो उरलेल्या साऱ्या वेगाला लगाम घालतो. आमच्या एकेरी लोहमार्गावरचे म्हातारबाबा बी. एस्सी. न होताच हे जाणत होते.

आणि आता स्वस्त लोखंडाचे दिवसही पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. साधारण २००५ नंतर प्रोसेसरच्या ठोक्यांची गती वाढायची थांबल्यासारखी झाली. चिप तापू लागली. २०२५ च्या अखेरीपासून तर स्मृतीच्या पट्ट्यांचे भाव भडकले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठाली केंद्रे त्या घाऊक उचलू लागली. "दुप्पट यंत्र घ्या, स्वस्त पडते," हे वाक्य हिंजवडीच्या बंधूंनी चौथ्या दिवशी पुन्हा उच्चारले नाही. उलट सकाळी ते मेहुण्यांबरोबर प्रयोगशाळेत गेले, ते दुपारच्या जेवणालाही परत आले नाहीत. वहिनी रागावल्या.

दुपारी पाऊस उघडला म्हणून मला एका विद्यार्थ्याने मोटारसायकलवर सहस्रकुंडला नेले. इस्लापूरच्या पुढे काळ्या खडकांतून पैनगंगा जी उडी घेते ती पाहण्यासारखी आहे. सारे पात्र एका खिंडीत येऊन कोंडते आणि मग शेकडो धारांनी खाली कोसळते. तुषार अंगावर घेत अर्धा तास उभा राहिलो. पावसाळ्यात खडकांच्या कडेला जाऊ नये, एवढे मात्र मुलाबाळांना घेऊन जाणाऱ्यांना सांगून ठेवतो. उनकेश्वरची गरम पाण्याची कुंडे पाहायची राहिली. रस्ता वाहून गेला होता.

परत आलो तो दिवेलागण झाली होती. प्रयोगशाळेत उजेड दिसला म्हणून तसाच आत गेलो. फुलाफुलांची आच्छादने एका कोपऱ्यात, आणि दोघे मेहुणे बाह्या सारून बसलेले. त्यांनी चार यंत्रांवरून जुनी प्रणाली काढून तेथे लिनक्सची एक हलकी आवृत्ती बसविली होती. लिनक्स फुकट मिळते, आणि केरळातल्या सरकारी शाळा कित्येक वर्षे तीच वापरीत आल्या आहेत. उरलेल्या सोळांपैकी दोन खरोखरीच मेलेली निघाली; चौदा पुढच्या आठवड्यात करायची ठरली. वार्षिक मागणीपत्रातल्या वीस यंत्रांचा आकडा खोडून यजमानांनी तेथे 'दोन' लिहिला होता, आणि असा अर्ज वर गेल्यावर लोक काय म्हणतील याची त्यांना आता काळजी लागली होती. कमी मागणाऱ्याकडे कचेरीत संशयाने पाहतात.

मी म्हणालो, "माझा एक शब्द टंकून दाखवा, मगच मी मान्य करीन. मराठी नीट दिसते का?"

एक विद्यार्थी पुढे सरकला. "कोणता शब्द, सर?"

मराठीचा खरा कस जेथे लागतो तो शब्द मी सांगितला. हिंदीच्या साच्यात बसविलेल्या कित्येक टंकांत त्याचा रफार होऊन बसतो. मुलाने चार-पाच कळा दाबल्या. म्हाताऱ्या यंत्राच्या पडद्यावर, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, अर्ध्या चंद्रासारखा आडवा 'र' घेऊन 'वऱ्हाड' उमटले. मुलाने खिडकीबाहेर, नदीच्या दिशेने बोट केले.

"ते काय, सर," तो म्हणाला, "समोरच आहे."